अबोलीच्या रंगाचं पाणी

“एका टेबलाला पुरेल एवढी नळी मिळेल का हो?”

कामशेतच्या बाजारात, ठिबकच्या नळ्या आणि फवारे विकणाऱ्या दुकानात, असा प्रश्न आजवर कुणी विचारला नसेल. ऑक्टोबरची तापलेली दुपार होती. समोर तांदळाची पोती उतरत होती आणि रस्ताभर इंद्रायणीचा वास पसरला होता. गल्ल्यावर बसलेल्या तरुणाने मान वर केली. दारात एक मुलगी उभी होती. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर नथीसारखा जपून धरलेला, नमुन्याला मागवलेला एक चिमुकला चकचकीत जोड. नळी नळीला जोडतात ना, तो.

त्याने एकदा जोडाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

“टेबलावर काय पेरताय?”

अरुंधतीला हसू आलं, पण तिने ते दाबलं. लोणावळ्याहून उन्हात स्कूटर दामटत आल्यावर पहिल्याच वाक्याला हसायचं नसतं.

“आतून दहा मिलिमीटर, बाहेरून तेरा. पारदर्शक हवी. कॉम्प्युटरमध्ये पाणी फिरवायचंय.”

“कॉम्प्युटरमधी... पाणी?” तो उठूनच उभा राहिला. “अहो, मोटारीवर थेंब उडाला तर आमी कपाळाला हात लावतो. आन् तुमी इजेच्या डब्यात पाट काढताय?”

“पाट नाही. बंद नळी. जिथे जिथे मशीन तापतं तिथे पाणी जातं, उष्णता घेतं, रेडिएटरमध्ये येऊन गार होतं, परत जातं.”

“ट्रॅक्टरवाणी?”

“हो. ट्रॅक्टरसारखंच.”

“मंग आदी तसं सांगायचं की!” तो खाली बसला. “रेडिएटर कसला घेतलाय?”

तिने मोबाईल पुढे केला. निवडून ठेवलेल्या वस्तूंची यादी होती, पैसे भरायचे तेवढे बाकी होते. तापणाऱ्या चिपांवर बसवायचे तांब्याचे दोन ब्लॉक, पंप, टाकी, आठ जोड आणि स्वस्तात मिळालेला अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर. तो यादी खाली सरकवत गेला आणि शेवटच्या ओळीवर थांबला.

“हे न्हाई चालायचं.”

“का?”

“तांबं आन् अ‍ॅल्युमिनियम एका पाण्यात ठेवलं की एक दुसऱ्याला खातंय. आमच्या हिरीवर आमी तसंच जोडलं हुतं. वर्षात चाळणी झाली. रेडिएटर बी तांब्याचाच घ्या. म्हाग पडंल, पण टिकंल.”

तीन आठवडे अरुंधती इंटरनेटवर परदेशी माणसांचे व्हिडिओ बघत होती. हे कुणीतरी सांगितलंही असेल, पण तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं. आणि इथे मातीने माखलेल्या चपलांतल्या माणसाने ते दोन वाक्यांत सांगून टाकलं.

तेवढ्यात खरे दुकानदार रुमालाला हात पुसत आले. “काय रं बजरंग, जेवून येईस्तोवर गिऱ्हाईक केलंस व्हय?”

“म्हणजे... दुकान तुमचं नाही?” अरुंधतीने विचारलं.

“मी आमच्या फुलांच्या पॉलिहाऊसला फॉगर न्यायला आलतो,” बजरंग म्हणाला. “बस म्हणाले, बसलो.”

आता बजरंग हे काही प्रेमकथेतल्या नायकाचं नाव नव्हे. ज्याच्या नावावरून ते ठेवतात त्याने जन्मभर या भानगडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पण नाव आईबाप ठेवतात, पुढचं आपलं आपण बघायचं असतं. त्या दुपारी अरुंधतीने दोन मीटर नळी घेतली आणि त्याचा नंबरही घेतला. अडलं तर विचारायला हवा ना... म्हणून.

अडलेलं होतं ते असं. अरुंधती न बांधलेल्या घरांची चित्रं काढायची. जमीन ओसाड, दगडही रचलेला नाही, आणि हिच्या पडद्यावर बंगला उभा. ओसरीवर ऊन, खिडकीत पडदा हलतोय. कंपनी बंगळूरची, काम घरबसल्या. पण कॉम्प्युटर तापून तापून मध्येच बंद पडायचा आणि पंख्यांचा आवाज असा, की आई, म्हणजे शालनताई, त्याला ‘गिरणी’ म्हणायच्या. दोनदा काम उशिरा गेल्यावर कंपनीने सांगितलं, महिनाअखेर चार मिनिटांची फिल्म वेळेत द्या, नाहीतर एक तारखेपासून बंगळूरला येऊन इथल्या मशीनवर काम करा. वडील गेल्यापासून घरात मायलेकी दोघीच. लोणावळ्यातल्या दुरुस्तीवाल्याने पाण्याचं नाव काढताच हात जोडले, पुण्यातल्याने पंधरा दिवस मशीन ठेवून घेईन म्हटलं. तेव्हा ती जाणार की राहणार, हे त्या डब्याच्या तापमानावर येऊन ठेपलं होतं आणि डबा तिलाच गार करायचा होता.

पुढचे आठ दिवस मेसेज सुरू राहिले. लोक चंद्राचे फोटो पाठवतात, ही दोघं रेडिएटरचे पाठवत होती.

‘दोन पंख्यांचा घेऊ की तीन?’

‘डब्याची लांबी मोजा. आपल्याला आवडला म्हणून बैल गोठ्यापेक्षा मोठा घेत न्हाईत.’

तिने मोजलं. तीनचा बसत नव्हता, दोनचा घेतला.

‘काचेसारख्या कडक नळ्या किती सुंदर दिसतात बघा.’

‘सुंदर हायेत. पण तडकल्या तर? मऊ घ्या. मऊ नळी वाकती, मोडत न्हाई.’

‘आठ जोड पुरतील ना?’

‘सहात बसवू. जेवढे जोड तेवढी गळायची भीती.’

प्रत्येक गोष्टीत त्याचं ऐकलं, फक्त एका गोष्टीत नाही. पाण्यात घालायचा रंग मिळत होता, अबोलीच्या फुलाचा. तेवढा तिने हट्टाने मागवला.

त्याने फोनच केला. “पाण्याला रंग कशापायी? डिस्टिल्ड पाणी, गंज न धरायचं औषध, बास.”

“दिसायला छान दिसतं.”

“बघायचंय कुणाला? डब्यात तर हाय.”

“एका बाजूला काच आहे. मला बघायचंय.”

पलीकडे पंप बंद केल्याचा आवाज आला. मग, “तुमी बघणार असाल तर... घाला.”

फोन ठेवल्यावर अरुंधती बराच वेळ त्या ‘तुमी’मधल्या न उच्चारलेल्या ह-कडे कान लावून बसली होती. आई म्हणाली, “गिरणी बंद आहे तरी तू का तापलीयेस?”

रविवारी तो आला. नीट भांग पाडलेला, पाने-पकडींची पिशवी खांद्याला, आणि हातात वर्तमानपत्रात बांधलेली जरबेराची फुलं. ती त्याने अरुंधतीला नाही, शालनताईंना दिली. पोरगा हुशार होता.

“कुणाचा रे तू?” शालनताईंनी विचारलं. त्यांचं माहेर नाणे मावळातलं, तोही तिकडचाच. पुढची दहा मिनिटं दोघं गावकी काढत बसली. बालवाडीत तीस वर्षं शुद्ध मराठी शिकवलेली आई त्याच्यासमोर घडाघडा ‘हितं-तितं’ बोलायला लागली, आणि अरुंधती एखाद्या पाहुणीसारखी बघत राहिली.

मग काम सुरू झालं. त्याने रेडिएटर मोरीत नेला, त्यात डिस्टिल्ड पाणी भरून खळखळ हलवला आणि ओतून दिला. काळे कण निघाले. परत भरला. परत. पाचव्यांदा पाणी आरशासारखं आलं.

“एवढं कशाला?”

“कारखान्यातली धूळ आत ऱ्हाती. ब्लॉकच्या आतल्या फटी केसाएवढ्या हायेत, एक खडा अडकला की बास.”

तिने बॅटरी धरायची, त्याने नळी जोडावर चढवायची. डबा लहान, डोकी दोन. त्याच्या मानेला साबणाचा आणि ओल्या मातीचा वास येत होता. नळी घट्ट, चढता चढेना. “जरा धरा,” तो म्हणाला आणि तिने धरली, तर त्याची बोटं तिच्या बोटांवर... क्षणभरच. बॅटरीचा उजेड भलतीकडेच गेला.

“उजेड,” तो हळूच म्हणाला.

“हो... हो.”

शेवटी टाकीत अबोली रंगाचं पाणी भरलं, आणि त्याने वर्तमानपत्राचे कपटे करून प्रत्येक जोडाखाली एकेक ठेवला.

“आता नुसता पंप चालवायचा. बाकी सगळं बंद. उद्या ह्याच येळेपर्यंत.”

“पूर्ण दिवस?”

“आमच्यात नवी लाईन टाकली की एक दिवस नुसती बघायची. रोपं मागनं. घाई केली की पस्तावा.”

दुसऱ्या दिवशी तो कपटे तपासायला आला. एक कोरडा, दोन कोरडा... चौथ्यावर तपकिरी डाग! अरुंधतीचा हात पंपाच्या बटणाकडे गेला. बजरंगने जोडाभोवती बोट फिरवलं, कपटा नाकाशी नेला.

“साखर कमी घालता व्हय चहात?”

“काय?”

“काल माझ्याच कपातनं सांडला.”

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. तो हसला नाही, तिच्याकडे बघत राहिला. तिच्या लक्षात आल्यावर ती थांबली. पंपाची बारीक गुणगुण तेवढी चालू राहिली.

मशीन सुरू झालं. गिरणी गप्प. काचेआड अबोलीचा रंग फिरत होता आणि तापमानाचा आकडा साठाच्या वर जायला तयार नव्हता. चार दिवस ती आकड्याचा फोटो पाठवायची, तो अंगठा पाठवायचा. एकदा त्याने अंगठ्याऐवजी लिहिलं, ‘म्हंजे आता तुमी जाणार न्हाई?’ तिने लिहिलं, ‘अजून फिल्म पुरी व्हायचीय.’ त्यावर परत अंगठाच आला.

पाचव्या दिवशी आकडा सत्तर झाला. मग ऐंशी. सहाव्या दिवशी सकाळी ब्याण्णव, आणि पडदा काळा. महिना संपायला तीन दिवस राहिले होते.

बजरंग तासाभरात पोहोचला. घाईत आला होता, शर्टाची बटणं वरखाली लागली होती. एरवी अरुंधती त्यावर हसली असती.

“तुम्ही म्हणाला होतात, टिकेल.”

“बघतो.”

“बघता काय? फिल्म अर्धी झालीय. आता कुठून आणू वेळ? तुमच्या फुलांना एक दिवस पाणी कमी पडलं तर दुसऱ्या दिवशी घालता येतं. इथे माझी... माझीच चूक. असल्या गावठी फिटिंगवर विसंबायलाच नको होतं.”

शब्द बाहेर पडला आणि खोलीत उभाच राहिला. बजरंगने पिशवीतून पाना काढला. पंप बंद करून पाणी काढलं, प्रोसेसरवरचा ब्लॉक उघडला. आतल्या तांब्याच्या बारीक पट्ट्यांमध्ये पिवळट लगदा घट्ट बसला होता. त्याने तो बोटावर घेतला, चोळला, हुंगला. मान वर करून एकदा दाराकडे पाहिलं. दारात शालनताई पदर मुठीत धरून उभ्या होत्या.

त्याने बोट फडक्याला पुसलं.

“चूक माझी हाय,” तो म्हणाला. “रेडिएटर नीट धुतला न्हाई मी. त्यातलाच गाळ.”

मग दोन तास तो जुन्या टूथब्रशने एकेक फट साफ करत बसला. सगळं पुन्हा धुतलं, पुन्हा जोडलं, साधं बिनरंगाचं पाणी भरलं. “आता दिवसभर बघत बसायला येळ न्हाई. जोड तेच हायेत, तासाभरानं चालू करा,” एवढं सांगून तास संपेपर्यंत स्टुलावर बसून राहिला. चहा घेतला नाही. जाताना चपला घालून म्हणाला, “फिल्म व्हईल तुमची,” आणि गेला.

फिल्म झाली. शेवटच्या दिवशी मुदतीच्या दोन तास आधी पोचली. संध्याकाळी कंपनीचं उत्तर आलं: उत्तम, घरूनच काम चालू ठेवा. अरुंधतीने पेढे आणले, एक आईच्या हातावर ठेवला. आईने तो खाल्ला नाही, डबीत परत ठेवला.

“अरू, तो लगदा... हळद होती ती.”

“कसली हळद?”

“नवीन पाणी होतं ना. माझ्या माहेरी नव्या विहिरीला, नव्या मोटारीला, पहिल्या पाण्याला हळदकुंकू वाहतात. तू आंघोळीला गेली होतीस, पाणी फिरत होतं, इतकं गोड दिसत होतं... मी टाकीचं झाकण काढून चिमूटभर वाहिलं. म्हटलं, पोरीचं काम व्हावं. इथेच राहावी.” शालनताई डबीचं झाकण लावत राहिल्या. “त्या पोराला वासानेच कळलं. मला वाटलं आता सांगेल. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःवर घेतलं. मला बोलायचं होतं गं, पण तू इतकी चिडली होतीस...”

अबोलीच्या रंगात हळद दिसलीच नव्हती. अरुंधती खुर्चीत बसली. मोरीतल्या आरशासारख्या पाण्याची तिला आठवण झाली. मोजलं होतं की तिने. मग ‘धुतला नाही’ म्हणाला तेव्हा आपण गप्प कसे बसलो? चिडलेल्या माणसाला हिशेब येत नाही, हेच खरं.

सकाळी उठून ती नाणे मावळाच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना भात पिवळा पडून वाकलेला. बजरंगचं पॉलिहाऊस ओढ्याच्या अलीकडे. आत जरबेराच्या लांबच लांब वाफ्यांतून चार बायका फुलं काढत होत्या, आणि तो गुडघ्यांवर बसून एक बुजलेली नळी कापत होता. तिला पाहून उठला. हात पँटला पुसले.

“मशीन परत बंद पडलं?”

“नाही. आईने सांगितलं मला.”

त्याने खाली पडलेली पकड उचलली.

“पाच वेळा धुतला होतात तुम्ही रेडिएटर. मी मोजलं होतं.”

“सहा. एकदा तुमी चहा ठेवायला गेलतात.”

“मग खोटं का बोललात?”

“काय बोलणार हुतो? मावशी दारात हुत्या, त्येंचा चेहरा बघवंना.” तो हळूहळू बोलत होता, जणू एकेक वाक्य तपासून पुढे सोडत होता. “फिल्म न्हाई झाली तर तुमी जाणार. जाताना आईवर रुसून गेला असता, तर परमुलखात घास गेला नसता तुमच्या घशाखाली. माझ्यावर चिडून गेलात तर काय बिघडतंय? मी कोण?”

“मी ‘गावठी’ म्हणाले.”

“तेवढं लागलं,” तो म्हणाला. सरळच म्हणाला.

“चुकलं माझं, बजरंग.”

वर छताखालचे फॉगर सुरू झाले. पाण्याचं बारीक धुकं खाली उतरायला लागलं. तिच्या पापण्यांवर, त्याच्या केसांवर दंव साठलं. दोघांपैकी कुणीच बाजूला सरलं नाही.

“फिल्म पोचली?” त्याने विचारलं.

“पोचली.”

“मंग... कवा निघायचं?”

“नाही निघायचं. इथेच राहायचं म्हणाले.”

त्याने मोठ्ठा श्वास सोडला, जणू तीन आठवडे धरूनच ठेवला होता. “चांगलं झालं. मावशींना बरं वाटंल.”

“कंपनीला वाटतंय मी आईसाठी राहिले. आईलाही तसंच वाटतंय,” अरुंधती म्हणाली. “पण दोघांनाही अर्धंच माहितीये.”

बजरंगच्या हातातली पकड तशीच राहिली. “उरलेलं अर्धं...?”

“उरलेलं माझ्यासमोर उभं आहे. ओलं झालंय.”

“बजरंगभावजी!” वाफ्यातून त्याच्या चुलतभावाची बायको ओरडली, रुपालीवहिनी. “तिसऱ्या वाफ्याला पाणी न्हाई! मुळं सुकाया लागली, आन् तुमी काय बघताय तितं?”

तो गोरामोरा झाला. खाली वाकून नव्या नळीचं टोक उचललं आणि तिच्या हातात दिलं. “हे... घट्ट धरा. मी पल्याड जोडून येतो.”

नळीचं वेटोळं उलगडत तो चालत निघाला. वीस पावलं, चाळीस, साठ. नळी ताणत गेली. तिला त्याची पाठच दिसत होती. वाफ्याच्या पार शेवटाला, ऐंशी पावलांवर पोचला तेव्हा तो वळला. जवळ उभं राहून जे बोलायचं धाडस झालं नव्हतं, ते बहुतेक तिथून जमणार होतं.

“अरुंधती!”

पहिल्यांदाच नुसतं नाव. चारही बायकांचे हात थांबले.

“रविवारी येऊ का घरी? आई-आबांना घेऊन?”

“कशाला येणार ते बी सांगा की!” रुपालीवहिनी फुलांतून उभी राहिली. “का त्येंच्या हातून बी नळ्याच बसवून घेताय?”

बायका खिदळल्या. बजरंगने एकदा आभाळाकडे पाहिलं, छताचं प्लास्टिकच दिसलं असणार. मग छाती भरून श्वास घेतला.

“मागणी घालायला!”

अरुंधतीचा आवाज आजवर दोन खोल्यांपलीकडे गेला नव्हता. तिने नळीचं टोक काखेत धरलं, दोन्ही तळवे तोंडाभोवती नेले.

“या!” ती ओरडली. “सकाळीच या! आणि फुलं या वेळी मला आणा!”

हसण्याचा गलका छतापर्यंत गेला. पलीकडच्या टोकाला तो नळी हातात धरून नुसता उभा होता. जोडायचंही विसरला होता आणि वळायचंही. रुपालीवहिनीने पदराने डोळे पुसले, कमरेवर हात ठेवला आणि दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाली,

“झालं ना ठरून? मंग आता सोडा की पाणी! झाडं ताटकळलीत.”